पंचवीस अंश कमी

पलटणीला वर, बर्फातल्या चौक्यांवर जाण्याचा हुकूम झाला, तेव्हा मी पलटणीत नव्हतो. सिल्वासाला थोरल्या भावाच्या खोलीत उजवं कोपर गरम पाण्याच्या बादलीत बुडवून बसलो होतो. साल १९८७. मी लान्स नायक, एलएमजीचा, म्हणजे हलक्या मशीनगनचा नंबर एक, गोळी चालवणारा.

अडथळ्यांच्या मैदानावर भिंतीवरून पडलो आणि कोपर निखळलं. मिलिटरी हॉस्पिटलात तीन आठवडे प्लास्टर. ते काढलं तेव्हा हात सुकलेल्या फांदीसारखा होता. ना पुरता वाकायचा, ना सरळ व्हायचा. फिजिओथेरपीचे सुभेदार साहेब सांध्याचे कोन मोजून वहीत लिहायचे. सरळ हात म्हणजे शून्य. माझा चाळीस अंशांवर अडायचा. सहा आठवड्यांच्या सिक लीव्हवर सोडताना त्यांनी समोर उभं करून सांगितलं.

"अपनी ताकत से मोड़ना, अपनी ताकत से खोलना. दस बार, हर दो घंटे. मालिश नहीं. वज़न नहीं. दूसरे का हाथ नहीं."

"जी साब."

"दूसरे का हाथ नहीं. दोहराओ."

मी तसंच म्हणून दाखवलं. पुढं मेडिकल बोर्ड होतं. हात दहा अंशांपर्यंत आला तर पलटणीत परत, नाही तर मेडिकल कॅटेगरी खाली आणि मी मागं. सात वर्षांच्या नोकरीत मी कधी मागं राहिलो नव्हतो, आणि त्याचा मला जरा जास्तच माज होता.

दादा सिल्वासातल्या शाळेत शिक्षक. वहिनी मसाटच्या एका कारखान्यात पॅकिंगला जायची. माझा दिनक्रम ठरलेला. सहाला पहिला व्यायाम, मग दर दोन तासांनी. आधी गरम पाणी, मग टेबलावर हात ठेवून सावकाश वाकवायचा, सावकाश उघडायचा. दादानं शाळेतला फळ्यावर वापरायचा लाकडी कोनमापक आणला होता. रविवारी जेवणाआधी तो माझ्या कोपराला लावून वाचायचा. पहिल्या रविवारी पस्तीस. दुसऱ्या रविवारी तीस. तिसऱ्या रविवारी पंचवीस.

मला तो वेग पटत नव्हता. पंधरा किलोमीटर रोज पळणाऱ्या माणसाला टेबलाशी बसून हात उघड-मीट करायला लावणं म्हणजे शिक्षाच. मी चिडचिड करायचो. वहिनी पोळ्या लाटता लाटता हसायची.

"उतावळा नवरा अन् कोपराला बाशिंग! भाऊजी, आमच्या लाइनीत नवीन बाई येते ना, पहिल्या दिवशी लय जोर लावते. तिसऱ्या दिवशी खांदा धरून घरी. निरांते, सावकाश घ्या जरा."

चौथ्या आठवड्याच्या बुधवारी सकाळी दहाला रघू आला. सिपाही रघुनाथ देवरे, साक्रीकडचा, मशीनगनवर माझा नंबर दोन. फौजेत प्रत्येकाला एक बडी असतो. एकाच्या पाठीवरचं ओझं दुसरा बांधतो, एकाच्या पायाचे फोड दुसरा बघतो, पीटीत एक बसतो आणि दुसरा त्याला ताणतो. तीन वर्षं माझा बडी रघू होता. सुट्टीवरून परतताना वाट वाकडी करून तो मला बघायला आला होता. पलटण निघणार ही बातमी त्यानंच आणली.

"तू?" मी विचारलं.

"मी नाही, उस्ताद. माझं नाव ड्रायव्हिंग कोर्सला लागलंय. तुम्हाला नंबर दोन नवा मिळेल." मग हाताकडे बघून म्हणाला, "किती राहिलं?"

"पंचवीस."

"होईल की."

"तीन आठवड्यांत?"

मी पलंगावर आडवा झालो आणि हात पुढं केला.

"खेच."

"उस्ताद, हॉस्पिटलवाल्यांनी नाही म्हटलंय ना?"

"पीटीत खेचतोसच की. खेच."

"नको, उस्ताद. सुजेल."

"रघू, हुकूम आहे."

वहिनी कामावर जायच्या तयारीत होती. ती दारातून म्हणाली, "भाऊजी, हे बरं नाही." मी ऐकलं नाही. रघूनं एका हातानं माझा दंड दाबला, दुसऱ्यानं मनगट धरलं आणि खेचलं. चार वेळा. चौथ्या वेळी आत काहीतरी कट् वाजलं. डोळ्यांपुढं अंधारी आली, पण हात जवळजवळ सरळ झाला होता. दोघंही हसलो. मी त्याला वापीच्या बसपर्यंत सोडायला गेलो आणि त्याच हातानं त्याची पिशवी धरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोपर सुजून तापलं होतं. रविवारी दादानं कोनमापक लावला, पुन्हा लावला, आणि आकडा न सांगताच उठला. बोर्डाच्या वेळी एक्सरेत स्नायूवर कापसासारखा पांढरा डाग दिसला. सुभेदार साहेबांनी फिल्म उजेडाला धरली.

"दूसरे का हाथ लगा."

"जी साब."

"मांस में हड्डी बन रही है. अब साल-डेढ़ साल."

हात पन्नासावर अडला होता. आज साधा हिशेब करतो. आठवड्याला पाच अंश, उरलेले आठवडे तीन. गप बसून टेबलावर हात हलवत राहिलो असतो तर बोर्डाच्या दिवशी दहावर आलो असतो. मला दहा नको होते, शून्य हवं होतं.

कॅटेगरी खाली गेली. पलटण वर गेली आणि मला रिअर पार्टीत, म्हणजे मागं ठेवलेल्या तुकडीत, टेलिफोनवर बसवलं. रघू कोर्सला न जाता पलटणीबरोबर गेल्याचं तिथंच कळलं. फौजेत नावं बदलत असतात, म्हणून मी कुणाला विचारलं नाही. त्याचं एक पत्र आलं, 'हात कसा आहे?' एवढंच विचारणारं. मी उत्तर दिलं नाही. खरं लिहिवेना आणि खोटं लिहायची लाज वाटली.

जानेवारीत एका सकाळी अकरा चाळीसला टेलिफोन वाजला. लाइनीत खरखर होती.

"लिंक पेट्रोल बर्फ के नीचे. पाँच जवान. नाम लिखो."

दोन चौक्यांमध्ये ये-जा करणारी गस्त होती ती. मी वाकड्या हातानं लिहू लागलो. तिसरं नाव रघुनाथ देवरे.

"रिपीट करो."

मी पाचही नावं नंबरसकट वाचली. आवाज हलला नाही. टेलिफोन ठेवला, कागद साहेबांना दिला आणि बाहेर जाऊन भिंतीला टेकलो. त्या दिवशी मी खूप रडलो, हे सांगायला मला आज संकोच वाटत नाही.

नंतर सव्वा वर्ष मी तो व्यायाम जसा सांगितला तसा केला. दहा वेळा, दर दोन तासांनी, कुणाचाही हात न लावता. कोपर वीस अंशांवर येऊन थांबलं. फौज सुटली. सिल्वासाला परत येऊन मसाटच्या एका कारखान्यात गेटवर सिक्युरिटीला लागलो. प्लास्टर निघालेले कामगार गेटवर भेटतात, तेव्हा मी त्यांना आधी एकच विचारतो, घरी कोण खेचतंय?

रघूच्या गावी जायला मला चार वर्षं लागली. साक्रीहून पुढं दुसरी एसटी, मग पायी. त्याचे वडील ओट्यावर बसले होते. मी नाव सांगितलं तशी त्यांची नजर थेट माझ्या कोपरावर गेली.

"तुम्हीच का ते उस्ताद," ते म्हणाले. "रघू वर जायाच्या आधी घर उना व्हता. म्हने, मनाघाई उस्तादना हात बिघडना. त्यासनी जागा आते मी भरसू."

बोर्डाचा निकाल कळल्यावर, माझा हात आपल्यामुळंच बिघडला असं धरून, कोर्स त्यानं स्वतः अर्ज करून सोडला होता. हे मला तोवर माहीत नव्हतं.

"काका," मी म्हणालो, "खेच असं मी सांगितलं. तो नाही म्हणत होता. मी हुकूम दिला."

"नाही म्हने व्हता?"

"दोनदा."

म्हाताऱ्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग घराच्या आतल्या बाजूला हात केला.

"हाई त्यानी मायले सांग. पोऱ्यानी एक जवानना हात मोडा, हाई ती अजून मनमां धरी बसेल शे."

मी आत गेलो. माउली चुलीपाशी होती. तिच्यासमोर सावधान उभा राहून मी सांगितलं, सिपाही रघुनाथ देवरेकडून काही चुकलं नव्हतं.