बाळंतिणीच्या खोलीतला हीटर

बाळंतिणीला वारा लागू द्यायचा नाही, हा आमच्या आईचा कायदा. खिडकीच्या फटींना कागद, दाराला गोधडी, बाळंतिणीच्या कानाला फडकं. तिने स्वतःची बाळंतपणं अशीच निभावली होती, त्यामुळे तिच्यापुढे बोलायची कुणाची टाप नव्हती.

माझी धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणाला घरी आली ती ऐन थंडीत. आमचं गाव मुरबाडच्या पुढे, घाटाच्या पायथ्याशी. पौषात तिथे पहाटे हाडं गोठतात. मुलगी झाली. आईने रीतीप्रमाणे बाजेखाली कोळशांची शेगडी ठेवली, वर ओवा टाकला. बहिणीला लहानपणापासून धाप लागायची. त्या धुराने ती खोकून खोकून अर्धी झाली. मला ते बघवेना.

मी भातसानगरला धरणाच्या वसाहतीत पाइपांची कामं करतो. तिथल्या एका साहेबांनी बदली होताना गॅसवर चालणारा, खोली गरम करायचा हीटर माझ्या गळ्यात मारला होता. तो किती तरी दिवस पडून होता. शहापूरच्या बाजारातून पत्र्याचा नवा पाइप आणि वरची टोपी घेतली आणि सगळं लटांबर मोटरसायकलला बांधून घरी आणलं.

काम मी मन लावून केलं. हीटरचा पाइप भिंतीतून बाहेर काढून पार कौलांच्या वर नेला. आणि जमिनीलगत मूठभर भोक पाडलं, आत हवा यायला. आईला समोर बसवून समजावलं, "जळकी हवा वरून बाहेर जाते, ताजी खालून आत येते. खालचं भोक बुजलं तर वरचा पाइप ओढत नाय. सगळं विष खोलीत राहतं. त्याला वास नाय, धूर नाय, कळतसुद्धा नाय." आईने सगळं ऐकून घेतलं आणि हीटरला हळदकुंकू वाहिलं.

दुसऱ्या दिवशी भोकात जुन्या लुगड्याचा बोळा.

मी तो काढला. संध्याकाळी परत घातलेला. पुन्हा काढला, पुन्हा बोललो. आई म्हणाली, "भोकातना वारा सरल तिच्या कमरेला लागतो. तुला काय कलतंय रे? आमी काय पोरं नाय काढली?" मी म्हटलं, "वारा लागून कमर दुखंल, हवा नाय लागली तर जीव जाईल." ती म्हणाली, "बालंतनीच्या घरात असलं अभद्र बोलू नको." आणि दोन दिवस आमचं बोलणं बंद.

बारशाला तीन दिवस राहिले होते. सकाळी कामावर निघताना बहिणीच्या खोलीत डोकावलो. भोकात बोळा होता. माझं टाळकं सरकलं. दारातूनच ओरडलो, "घाला, घाला काय घालायचं ते. आता मला इचारू नका." बहीण बाजेवरून म्हणाली, "दादा, नको ना भांडू. डोकं दुखतंय माझं सकालपासून."

मला वाटलं, आमच्या भांडणाने दुखतंय.

मी पाइपांची कामं करणारा माणूस. बंद खोलीत गॅस पेटलेला असताना डोकं दुखणं म्हणजे काय, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण त्या वेळी मला तिचं डोकं दिसत नव्हतं, आईची जिद्द दिसत होती. दोन पावलं आत जाऊन तो बोळा ओढला असता, तर घड्याळाचा काटाही हलला नसता. पण मला माझं खरं करायचं होतं. आईने आपण होऊन म्हणावं की तुझं बरोबर होतं, एवढी माझी हाव. मी किक मारली आणि निघालो.

त्या दिवशी आईने दोघींना न्हाऊ घातलं, बाळाला घेऊन ती अंगणात कोवळ्या उन्हात बसली. बहीण दार लावून निजली. आई पेज घेऊन आत गेली तेव्हा ती उठली नाही.

मला फोन आला. मी दवाखान्यात पोचलो तेव्हा आई तिच्या उशाशी बसली होती. "बघ," ती मला म्हणाली, "गाल कसे लाल हायत. अंगात ऊब हाय अजून." डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं, तर आई मागोमाग आलीच. त्यांनी विचारलं, "खोलीत हवा यायला वाट होती का?"

आईच्या छातीशी नऊ दिवसांचं पोर होतं. त्याला आता तिच्याशिवाय कोण होतं? मी म्हणालो, "पाइप मीच चुकीचा बसवला." पंचनाम्यातही तेच सांगितलं. आई त्या बोळ्याबद्दल तेव्हा बोलली नाही आणि पुढेही कधी नाही. तिला कळलंय की नाही, हे मी कधी विचारलेलं नाही. विचारायची हिंमत नाही. खरं सांगायचं तर मी खोटंही बोललो नव्हतो. बोळा तिने घातला, पण बघून निघून गेलो तो मी.

भाचीच्या बापाने वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं, ती आमच्याकडेच वाढली. आई मला जेवायला वाढते, पण बोलते ती भाचीच्या मार्फत. "मामाला इचार, भाकर पायजे काय." घरात हसणं काय ते भाचीचंच. तिच्यासाठी मी दर रविवारी घरी येतो. ती माझ्या मांडीवर बसून शाळेतल्या सगळ्या चहाड्या सांगते, आणि तेवढा वेळ मला माणसात असल्यासारखं वाटतं.

ती आता दुसरीत आहे. गेल्या रविवारी ती अशीच मांडीवर बसली होती. आई समोर तांदूळ पाखडत होती. भाचीने माझ्या शर्टाचं बटण धरून विचारलं, "मामा, तू पाइप चुकीचा लावला म्हणून माझी आई मेली? शेजारची काकी सांगत होती."

सुपाचा आवाज थांबला. मी आईकडे पाहिलं. ती मान खाली घालून सुपातले खडे वेचू लागली.

"हो गो," मी म्हणालो.

भाचीने बटण सोडलं. ती मांडीवरून उतरली आणि आजीच्या कुशीत जाऊन बसली.