आबाजींच्या बुटांचं माप

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. बाबा घुग्घुसच्या कोळसा खाणीत शिफ्टमध्ये काम करतात. सुट्टीला ते पोंभुर्णा तालुक्यातल्या आमच्या गावी येतात तेव्हा मोटरसायकलच्या डिकीतून भाजीच्या आधी पत्रकांचा गठ्ठा निघतो. समता, अंधश्रद्धा, दारूबंदी, मुलींचं शिक्षण, सगळ्यावर पत्रकं. त्यामुळे मला लहानपणीच दोन सवयी लागल्या. एक, प्रत्येक गोष्टीवर मत असणं. आणि दुसरी, ते मत उद्गारचिन्हासकट मांडणं.

आबाजींना, म्हणजे बाबांच्या वडिलांना, विसरण्याचा आजार जडला तेव्हा मात्र त्या सगळ्या गठ्ठ्यांत त्यावर एक ओळ सापडली नाही.

आबाजी जंगल खात्यात रोजंदारीवर फायर वाचर होते. उन्हाळाभर जंगलातल्या जाळरेषा, म्हणजे आग पुढे पसरू नये म्हणून मोकळे केलेले पट्टे, साफ ठेवायच्या, धूर दिसला की हिरव्या डहाळ्या तोडून धावायचं आणि झोडपून झोडपून आग विझवायची, हे त्यांचं काम. ते सुटूनही कितीतरी वर्षं झाली. पण आता रोज दुपार कलली की ते खाटेवरून उठायचे, काठी घ्यायचे आणि म्हणायचे, "आग लागली. मले जा लागते." आणि खरंच निघायचे, थेट जंगलाच्या वाटेनं. ज्या जंगलात वाघाच्या भीतीनं आम्ही शेळ्याही एकट्या सोडत नाही, तिकडे.

म्हणून दुपारी घरी कुणीतरी लागायचंच. बाबा खाणीवर, माझं कॉलेज दुपारचं, म्हणून हे कुणीतरी म्हणजे अर्थात आई. ती शेजारच्या गावात अंगणवाडी सेविका आहे. तिच्या सुट्ट्या इतक्या झाल्या की वरच्या मॅडमनी स्पष्ट सांगितलं, दिवाळीनंतर रोज या, नाहीतर राजीनामा द्या. एका संध्याकाळी भाकरी थापता थापता आई म्हणाली, "सोडून देते नौकरी." पाऊस येईलसं वाटतं, असं म्हणावं तितक्या सहज.

मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. आईची नोकरी म्हणजे तिची सायकल, तिचं बँकेतलं खातं आणि तिला सूनबाई न म्हणता बाई म्हणणारी गावभरची लेकरं. समतेची पत्रकं आमच्या घरात गठ्ठ्यांनी होती, पण आबाजींचं धोतर धुवायला एकटी आई! मी बाबांना फोनवर हे सुनावलं. ते म्हणाले, "तुझं म्हणणं बरोबर आहे. पत्रक काढ." मी म्हटलं, "पत्रक काढते. तुम्ही सुट्टीला आलात की धोतर धुवा." त्यांनी धुतलं. वाळत घातलं ते उलटं, पण धुतलं.

याच सुमारास ग्रामीण रुग्णालयात आम्हाला एक नर्सबाई भेटल्या. विसरण्याच्या आजारात माणसाला कसं सांभाळायचं, हे घरच्यांना शिकवायला त्या गावोगाव फिरायच्या. मी त्यांना आमच्या गावाचं आमंत्रण दिलं आणि पत्रक लिहिलं. मथळा असा होता: 'विसरणं हे म्हातारपण नव्हे, आजार आहे! आणि आजाऱ्याची सेवा हा एकट्या सुनेचा ठेका नव्हे!' बाबांनी ते मूल शहरातल्या प्रेसमधून छापून आणलं.

नर्सबाई आल्या त्या दिवशी गर्दी झाली, आणि तिथंच घात झाला. आमच्या विहारासमोर माणसं जमली की त्याची सभाच होते. सतरंजी आली, माइक आला, प्रतिमेला हार घातला गेला. अध्यक्ष म्हणून रिवाजाप्रमाणे गावातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या माणसाला बसवलं, म्हणजे आबाजींनाच. मग स्वागत, प्रास्ताविक आणि एकामागून एक मनोगतं झाली. नर्सबाईंच्या वाट्याला माइक आला तेव्हा लोक चप्पल शोधत होते. आई मागे भिंतीला टेकून बसली होती, आणि तिला कुणी काही विचारलं नाही. अध्यक्षीय भाषणात आबाजी उठून म्हणाले, "सभा मस्त झाली. आता मले जा लागते, आग लागली." लोकांनी टाळ्या वाजवल्या!

नर्सबाई मात्र खमक्या होत्या. पुढच्या वेळी त्यांनी माइक नको, स्टेज नको, अशी अटच घातली. बैठक समाजमंदिरात ठरली. नेमक्या त्याच दुपारी तिथं गावच्या नाटकाची तालीम होती. दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत नाटकांचा मोसम सुरू होतो, आणि त्याआधीची तालीम कुणाच्या बापासाठी हलत नाही. शेवटी नटमंडळीही आमच्यासोबतच बसली. त्यात आमच्या गावचा खलनायक होता. एरवी तो पिठाची गिरणी चालवतो, म्हणून त्याला सगळे गिरणीवाले भाऊ म्हणतात.

नर्सबाई म्हणाल्या, "ते काही चुकीचं बोलले तर चूक काढू नका. वाद घालू नका. त्यांना कसली काळजी लागली आहे ते ऐका आणि त्या काळजीला उत्तर द्या."

मी उभी राहिले. "म्हणजे खोटं बोलायचं? आमच्या घरात खोटं बोलत नाहीत."

"मग तुम्ही काय सांगता त्यांना?"

"खरं ते. आग लागलेली नाही, तुम्ही रिटायर झालात."

"रोज?"

"रोज."

"मग ते काय करतात?"

उत्तर आईनं दिलं. सभेत ती पहिल्यांदाच बोलत होती. "रोज नव्यानं रिटायर होते बिचारे. अन् रोज रडते."

मग गिरणीवाले भाऊ खाकरले. "मॅडम, हे तं आमचंच काम हाय. स्टेजवर समोरचा भलताच डायलाग बोलला, तं 'ए, तू चुकला' असं म्हनता येते का? पब्लिक चपला मारन. तो जे बोलला तेच पकडून सीन पुढं न्या लागते."

"अगदी हेच!" नर्सबाई हसत म्हणाल्या. "मी पुढच्या गावात हे असंच सांगू?"

"सांगा ना. माझं नाव बी सांगा."

तिथल्या तिथं पाळ्या ठरल्या. दुपारी आई अंगणवाडीत असताना कोण कधी आबाजींजवळ बसणार ते सगळं. आमच्याकडे तालमीशिवाय काहीच होत नाही, म्हणून याचीही तालीम झाली. आबाजींची भूमिका मला दिली. 'जरा हळू चाल, पोरी, बुढा हायेस तू,' अशा सूचना ऐकत मी समाजमंदिराच्या दारापर्यंत बऱ्याच चकरा मारल्या. साधं बोला, छोटं बोला, आवाज खाली ठेवा, असं नर्सबाई बजावत होत्या. पण झाडीपट्टीच्या नटाला शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायची सवय असते.

पहिली पाळी गिरणीवाल्या भाऊंची होती. आई अजून घरीच होती आणि मीही कॉलेज बुडवलं होतं, कसं जमतं ते बघू म्हणून. दुपार कलली, आबाजी काठी घेऊन उठले, आणि फाटकातून भाऊ आत आले. नाटकाच्या पेटीतली खाकी वर्दी, गळ्यात शिटी, वर चिकटवलेल्या मिशा!

"थांब!" भाऊ गरजले. शेजारच्या कोंबड्या उडाल्या. "या जंगलाची आग आमी सोताच्या हातानं इझवली हाय! तू आज नाक्यावर बस! हा साहेबाचा हुकूम हाय!"

मला वाटलं, म्हातारा घाबरणार. आबाजी घाबरले नाहीत. त्यांनी काठी जमिनीत रोवली आणि ताठ झाले.

"हुकूम मंग द्या, साहेब. पह्यले आमचे बूट द्या."

"बूट?"

"मांगच्या साली बी म्हनलं देतो. पोरं अनवानी धावले इस्तवात. बूट नाई तं काम नाई!"

भाऊंची मिशी एका बाजूनं सुटली. हा डायलॉग तालमीत नव्हता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, प्रॉम्प्टरकडे पाहावं तसं. पण माझ्या तोंडाशी एकच वाक्य येत होतं: 'बरोबर बोलतात आबाजी!' घोषणा द्यायची झाली तर मी कधीही तयार असते. इथं घोषणेचा काही उपयोग नव्हता.

तेवढ्यात आई पिठाच्या हातानं बाहेर आली. शाळेच्या गॅदरिंगमध्येही ती कधी स्टेजवर चढलेली नाही.

"मामाजी, बूट मंजूर झाले," ती सासऱ्यांना म्हणाली. अगदी साधं, अगदी छोटं. "साहेब नाप घ्यालेच आले. बसा तुमी."

आबाजी बसले. भाऊ पाठोपाठ जमिनीवर बसले आणि खुंटीवरची सुतळी घेऊन त्यांच्या पावलाचं माप घेऊ लागले.

"दुसऱ्या पायाचं बी घ्या," आबाजी म्हणाले. "दोनी पाय सारके नसते. अन् आग?"

"इझली, मामाजी."

"मंग साहेबाले चहा मांड."

आबाजींना बूट कधी मिळाले नव्हते, हे मला ठाऊक आहे. त्यांच्या तळव्यांवर अजून भाजल्याचे डाग आहेत. त्या दुपारी खोटा होता तो फक्त साहेब; मागणी खरी होती आणि ती इतक्या वर्षांनी मंजूर झाली होती. खऱ्याखोट्यावरचा माझा नर्सबाईंशी वाद अजून मिटलेला नाही, पण आता मी तो उभं राहून घालत नाही. बाबांनी मूलहून खरोखरचे कॅनव्हासचे बूट आणले. आबाजींनी ते उलटेपालटे करून पाहिले आणि 'साहेबाचे हायेत' म्हणून परत केले. बूट त्यांना नकोच होते. बूट मंजूर झालेले हवे होते. तेव्हापासून पाळीवर येणारा जो तो सुतळी घेऊन येतो. मिशांना मात्र नर्सबाईंनी बंदी घातली आहे.

दिवाळी झाली आणि आई कामावर गेली. सुरुवातीला तिचे तासातासाला फोन. बसले का? चहा पेले का? काठी कुठी हाय? मग फक्त दुपारचा एक फोन. एक दिवस, मला सुट्टी असताना, तोही आला नाही. आबाजी पाय पुढे करून गिरणीवाल्या भाऊंशी गप्पा मारत होते, इकडे सगळं ठीक होतं. पण आईला काही झालं की काय म्हणून मीच घाबरून फोन लावला.

"काऊन ओ?" तिकडून मुलांचा कालवा ऐकू येत होता. "वजन करून राह्यली होती लेकरायचं."

"फोन नाही आला तुझा."

आई इतकी हसली की मला फोन कानापासून लांब धरावा लागला.

"अगं बाई! मले मामाजीची आठवनच नाई आली आज," ती म्हणाली. "ठेव फोन. एक पोट्टं काट्यावरून उतरतच नाई."