रिसीव्हरची फी

निवृत्त होऊन काही वर्षं झाली, पण काष्टीच्या त्या शिलाईवाल्या बाईंची घटना मनातून जात नाही. मी तेव्हा श्रीगोंदा तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपली आणि बीट हवालदाराने खबर आणली की कोर्टाचा रिसीव्हर एका बाईकडून पैसे उकळतोय.

बाईंचं कपड्यांचं दुकान बुडालं होतं. नादार जाहीर करावं म्हणून त्यांनी जिल्हा न्यायालयात अर्ज केला होता. अशा वेळी कोर्ट रिसीव्हर नेमतं. तो मालमत्ता विकून ज्यांचं त्यांचं देणं वाटतो.

मी बाईंना बोलावून घेतलं. "एक जन आल्ता, सायेब," त्या म्हणाल्या. "म्हनला, मी रिसीव्हरचा मानूस. इस हजार फी द्या, न्हाईतर दोनी मशिनी लिलावात. एक मशीन इकून निम्मे दिले. दुसरी गेली तर खायाचं काय?"

माझं टाळकं सरकलं. तडक नगरला जाऊन रिसीव्हरला गाठलं. वयस्कर वकील होते. माझा आवाज चढलेला ऐकूनही ते हसले.

"अहो, मी कुणालाच पाठवलेलं नाही. माझी फी कोर्ट ठरवतं. माल विकून जे येईल त्यातला टक्का. काही विकलंच नाही, तर पदरचा चहा. आणि कारागिराचं हत्यार कायद्यानं लिलावात धरताच येत नाही."

मी ओशाळलो. इतकी वर्षं खाकी घातली, पण हे मला ठाऊक नव्हतं.

उरलेले पैसे न्यायला तो इसम येणार होता. दोन पंच घेऊन आम्ही बाईंच्या आतल्या खोलीत बसलो आणि नोटा हातात पडताच त्याला धरला. ठाण्यात त्याचा एकच हेका, मी साहेबांचा कारकून. मारझोड मला कधीच पटली नाही. खोटं बोलणाऱ्याला भरपूर बोलू द्यावं, तो आपणच खड्ड्यात जातो. चहा दिला आणि विचारलं, "साहेबांची फी ठरवतं कोण?"

"सायेबच. मानूस बघून."

"आणि घेतात कधी?"

"निम्मी आधी, निम्मी काम झाल्यावर."

"कोर्टाला विचारत नाहीत?"

"कोर्टाचा काय संबंध?"

मी हवालदाराकडे पाहिलं. गडी फसला होता. "बाईंकडे दोन मशिनी आहेत, हे तुला कुणी सांगितलं?" यावर तो सगळं कबूल करू लागला. तो कोर्टाबाहेर बसणारा टायपिस्ट निघाला. बाईंचा अर्ज, मालमत्तेच्या यादीसकट, त्यानेच टाइप केला होता. फसवणूक आणि तोतयेगिरीचा गुन्हा दाखल केला.

पुढे कुठलीही तक्रार आली की मी आधी एवढंच विचारायचो, या माणसाला पगार कोण देतं आणि कधी? निम्म्या भानगडी तिथेच उलगडायच्या. नव्या शिपायांनाही हेच शिकवलं.

बाईंना मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "घाबरू नका, तुमची मशीन कुणी नेऊ शकत नाही. पहिलीही नेता आली नसती."

त्या म्हणाल्या, "मंग सायेब, हे मला आधी कुनीच का न्हाई सांगितलं?"

पैसे कोर्टामार्फत त्यांना परत मिळाले. विकलेली मशीन मिळाली नाही.