राखणीचा रेडिओ

मीडियम वेव्हवर बाजारभाव स्वच्छ ऐकू येत होते. शॉर्टवेव्हवर आणि एफएमवर नुसती खरखर. मी रेडिओ उलटा करून स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला, तेवढ्यात काउंटरपलीकडचा माणूस म्हणाला, "ताई, दिवस मावळायच्या आत मिळंल ना? तिकडं ती एकटी हाय."

"ती म्हणजे?"

"मालकीण आमची. ठकूबाई. ती, कुत्रं आन् मेंढरं."

कोंडीभाऊ मेंढपाळ. गाव आंबेगावच्या पूर्वेला, पण थंडीत कळप घेऊन आमच्या जुन्नरकडे येतात. सध्या त्यांचा वाडा, म्हणजे मेंढरांचा मुक्काम, येडगावच्या बाजूला एका मोकळ्या शेतात होता. शेजारी ऊसतोड चालू. ऊस तुटला की त्यात राहणारा बिबट्या बाहेर पडतो, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. परवा रात्री त्याने वाड्यातून एक कोकरू उचललं होतं. रेडिओ बंद पडला तीच रात्र.

नारायणगावात स्टँडजवळ माझं रिपेअरिंगचं दुकान आहे. लग्नाआधी मी पुण्यात एका कारखान्यात टेस्टिंगला होते, तिथली शिस्त अजून अंगात आहे. मिक्सर, वजनकाटे, फवारणी पंपांचे चार्जर, कुंपणाची झटका मशीन, सगळं येतं. रेडिओ वर्षातून एखादा. त्या दिवशी माझ्या यादीत पहिला नंबर एका टोमॅटो व्यापाऱ्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्याचा होता. व्यापारी, आम्ही त्यांना बाळूशेठ म्हणतो, बाकावर बसूनच होते.

"आता रेडिओला कोण विचारतं राव?" ते म्हणाले. "मोबाईलवर गाणी लावा की रात्रभर."

"लावली व्हती," कोंडीभाऊ म्हणाले. "मोबाईल मधी रातीच मरतो. रानात चार्जिंग कुठनं आणू? ह्याला सेल घातले की आठवडा जातो."

"मग रेडिओच लावा, पण आपली स्टेशनं लावा. शॉर्टवेव्हचं काय नडलंय?"

"आपली स्टेशनं रातची झोपत्यात. मीडियमवर पंपाच्या मोटारींची घरघर शिरती. शॉर्टवेवला उजाडंस्तवर कोन ना कोन बोलत ऱ्हातंय. चायनावाला, आरबवाला."

"बिबट्याला चायनीज कळतं का?"

"कळत न्हाई म्हणूनच भितो. मराठी त्याला पाठ झालीया."

बाळूशेठ हसले. मीही हसले. पण वनरक्षकसुद्धा सांगतात की वस्तीवर रात्री माणसाचा आवाज असू द्या. मेंढरांना उसाच्या कडेला ना भिंत ना दार, जाळीचं कुंपण तेवढं. कोकरं लहान होती आणि ठकूबाई त्यांच्यातच अंथरूण टाकायच्या.

"शेठ, काटा उद्या सकाळी," मी म्हटलं.

"म्हणजे आमचा नंबर चायनावाल्याच्या मागं?"

"हो."

कुठलीही वस्तू उघडण्याआधी माझे ठरलेले प्रश्न असतात. ते विचारल्याशिवाय मी स्क्रूला हात लावत नाही. पडला का? नाही. पाणी गेलं का? नाही. सेल उलटे घातले? नाही. दुसऱ्या कुणी उघडला? नाही. बाहेरचं काही जोडलं, चार्जर, गाडीची बॅटरी? "न्हाई ताई, सेलावरच चालतो." सगळी उत्तरं नाही. म्हणजे आपोआप गेला. असं होतं कधीकधी, पण कमी.

आता थोडं तांत्रिक. अशा रेडिओत मीडियम वेव्हचे सिग्नल आत बसवलेल्या काळ्या कांडीवर येतात. शॉर्टवेव्ह आणि एफएम मात्र बाहेरच्या ओढून लांब करायच्या स्टीलच्या एरियलवरून. मीडियम चालू म्हणजे सेल, स्पीकर, आवाज मोठा करणारा भाग, सगळं ठीक. बंद पडलं ते एरियल आणि मुख्य सर्किट यांच्या मध्ये. त्या वाटेवर एक ट्रान्झिस्टर असतो, तांदळाच्या दाण्याएवढा, तीन पायांचा. एरियलवर येणारा सिग्नल फार अशक्त असतो, हा त्याला उचलून पुढे देतो. दारात उभा असलेला पहिला माणूस म्हणा. मार बसला तर पहिला त्यालाच.

मीटर लावला. चांगल्या ट्रान्झिस्टरच्या पायांवर मीटर काही जोड्यांना आकडा दाखवतो, काहींना दाखवत नाही. इथे तिन्ही पायांत बीप, बीप, बीप. आतून वितळून एक झालेला.

"सापडला," मी म्हटलं.

"मग बसवा की दुसरा."

दुसरा नव्हता. नारायणगावात मिळण्यासारखी ही वस्तू नाही, पुण्याहून कुरिअरने उद्या आली असती. कोंडीभाऊंनी बाहेर उन्हाकडे पाहिलं. मी भंगाराचा डबा काढला. भंगार मी जपून ठेवते, प्रत्येक बोर्डवर चिठ्ठी लावून, आणि घरचे त्यावरून मला बोलतात. टीव्हीचे बोर्ड निरुपयोगी, एक जुना कार टेप मात्र कामाचा निघाला. त्याच्या रेडिओच्या भागात त्याच जातीचा ट्रान्झिस्टर होता. एकच.

असा भाग काढताना गरम जास्त झाला तर काढतानाच मरतो. पंखा बंद केला, सोल्डरिंग आयर्नला बारीक टोक लावलं, एकेक पाय मोकळा केला. काढल्यावर मीटरवर तपासला. जिवंत. पण कंपनी वेगळी असल्यामुळे पायांचा क्रम वेगळा होता. जुना होता तसाच सरळ बसवला असता तर रेडिओ मुकाच राहिला असता. कागदावर पायांचं चित्र काढलं, दोन पाय केसाएवढ्या तारेने अदलाबदल करून जोडले. दिसायला बरं नव्हतं, पण जोड पक्का होता.

दुकानातली ट्यूब आणि चार्जर बंद केले, कारण त्यांची भुणभुण शॉर्टवेव्हवर येते. दारात जाऊन एरियल पूर्ण ओढली आणि काटा हळूहळू फिरवला. खरखर, शिट्टी, आणि मग एक बाई ठसक्यात काहीतरी वाचायला लागली. भाषा कुठली, देव जाणे.

"हां! हीच!" कोंडीभाऊ ओरडले. "ही रोज असती आमच्या वाड्यावर."

"सोयरी झाली म्हणा की," बाळूशेठ म्हणाले.

मागचं झाकण लावलं. कोंडीभाऊंनी पिशवी पुढे केली. देण्याआधी वस्तू पुसून द्यायची ही माझी सवय. फडक्याने एरियल पुसताना शेवटच्या कांडीवर एक काळा ठिपका निघेना. नखाने खरवडलं. घाण नव्हती, स्टील पोळलेलं होतं. त्याच्या भोवती तार गुंडाळल्यासारखे बारीक ओरखडे.

मी रेडिओ परत टेबलावर ठेवला.

"कोंडीभाऊ, एरियलला काय बांधता?"

"मी कशाला काय बांधू?"

"इथे तार बांधलेली होती."

"आसंल. रेडू तीच लावती. मी कळपाच्या त्या अंगाला असतो काठी घेऊन. तिला ठावं."

माझे सगळे प्रश्न बरोबर होते, फक्त विचारले चुकीच्या माणसाला. ठकूबाईंना फोन लावायला सांगितला. त्यांनी तीनदा उचलला नाही. चौथ्यांदा उचलला तेव्हा मागे मेंढरांचा गलका होता.

"काय ओ? झाला का न्हाई रेडू?" त्या म्हणाल्या.

"ठकूबाई, मी दुकानातली ताई बोलतेय. एरियलला तार बांधत होतात का?"

"बांधीत व्हते की. तारंबिगर लांबचं कुठं ऐकू येतं?"

"तिचं दुसरं टोक कुठे बांधलं होतं?"

"कुंपनाला. शेजारी द्राक्षाचा बाग हाय ना, त्याची तारंची कुंपनं हायेत. तार जितकी लांब तितका आवाज लांबचा. आन् बाग केवढा हाय, बघा तुमी! लई झ्याक वाजत व्हता चार दिस."

सिद्धांत अगदी बरोबर होता. एवढी लांब एरियल मला कुणी फुकट दिली असती तर मीही खूश झाले असते.

"आणि बंद कधी पडला?"

"परवा सांजच्याला. बागवाला आला, म्हनला तुमची मेंढरं बागेत शिरत्याल, आन् त्यानं झटका चालू केला. टक्क झालं, आन् रेडूच बसला."

बाळूशेठ बाकावरून उठून काउंटरशी आले होते.

झटका मशीन मी दुरुस्त करते, म्हणून मला माहीत आहे. ते बॅटरीवर चालतं आणि कुंपणाच्या तारेत थोड्या थोड्या वेळाने हजारो व्होल्टचा क्षणभराचा ठोका सोडतं. रानडुकराला तो पळवून लावतो, मारत नाही. पण तांदळाच्या दाण्याएवढ्या ट्रान्झिस्टरला पहिलाच ठोका पुरतो. एरवी मशीन बंदच असायचं, म्हणून चार दिवस रेडिओ वाचला. मेंढरांपायी ठेवलेला रेडिओ, आणि मेंढरांपायीच चालू झालेलं मशीन.

"आता ती तार कुठे आहे?" मी विचारलं.

"हितंच. बांधून ठेवलीया कुंपनाला. रेडू आला की नुसतं टोक लावायचं."

"आणि मशीन?"

"बागवाला दिवे लागनीला लावतो."

रेडिओ आत्ता दिला असता तर अंधार पडायच्या सुमाराला ठकूबाईंनी टोक लावलं असतं, टक्क झालं असतं, आणि माझ्या डब्यात दुसरा ट्रान्झिस्टर नव्हता. वाडा पुन्हा मुका, आणि कोकरं त्यांच्या अंथरुणाभोवती.

"ठकूबाई, ती तार सोडायची. पण हाताने आत्ता नाही. आधी बागवाल्याला बोलवा, मशीन बंद आहे म्हणून त्याच्या तोंडून ऐका, मग सोडा."

"मला काय व्हतंय? परवा बी मला काय न्हाई झालं."

"परवा झटका तुमच्याऐवजी रेडिओला बसला."

मग त्या म्हणाल्या, "मंग मी कशाला बांधू? झाडाला बांधू का?"

"झाडालाच. कुंपणापासून लांब, विजेच्या तारेपासून लांब. मी तार देते."

"तुमच्या तारंनं चायना लागंल का?"

"लागेल."

"बगा हां."

रेडिओ पुन्हा उघडला. एरियल आणि ट्रान्झिस्टर यांच्यामध्ये एक छोटा कपॅसिटर घातला आणि त्यापुढे काचेचे दोन बारीक डायोड, एकमेकांना उलटे. साध्या भाषेत सांगायचं तर बाहेरून जास्त दाब आला की त्याला बाजूने जमिनीकडे जायला वाट. कोरड्या हवेत लांब तारेवर जो साठतो, तेवढा दाब ही वाट सहन करते. कुंपणाचा ठोका नाही करत. हे मी कोंडीभाऊंना तीन वेळा म्हणून दाखवायला लावलं. मग शेजारच्या मोटार वाइंडिंगवाल्याकडून तांब्याची वार्निश केलेली तार आणली, एका टोकाला चिमटा जोडला, दुसऱ्या टोकाला झाडाला बांधायला सुतळी.

पुन्हा दारात उभं राहून लावला. ती बाई गेली होती, आता एक पुरुष बोलत होता.

"हिचा भाऊ दिसतो," कोंडीभाऊ म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचे खांदे खाली आलेले दिसले.

येडगावकडची प्रवासी जीप भरल्याशिवाय सुटत नाही आणि सूर्य टेकडीला आलेला. बाळूशेठनी स्वतःच पिकअपची किल्ली काढली.

"चला पावणं, मी सोडतो. काटा तसाबी आज मिळत न्हाई."

"शेठ, तुमचं खोळंबलं..."

"बसा ओ. त्या चायनावाल्याला बी मागं बसवा."

निघताना मी पिकअपच्या खिडकीशी जाऊन पुन्हा बजावलं. आधी मशीन बंद, मग जुनी तार सोडा, मग नवी झाडाला, मग रेडिओ. हाच क्रम. कोंडीभाऊंनी मान हलवली. मान हलवण्यावर माझा विश्वास नाही, म्हणून क्रम बाळूशेठनाही सांगितला.

सकाळी दुकान उघडत होते तेव्हा फोन आला. ठकूबाई.

"ताई, रातभर वाजला. मधी येक गवई लागला व्हता, लई रडत व्हता बिचारा. पर वाजला."

"आणि तो?"

"आलता. बागंच्या कडंनं पंज्याचं ठसं हायेत. आमच्याकडं न्हाई वळला. गेला खाली धरनाकडं. कोकरं समदी हायेत, मी हातानं चाचपून बघितली."

मी शटर अर्धं वर करून तिथेच पायरीवर बसले. चहावाल्याने विचारलं, काय झालं? म्हटलं, काही नाही, आज आधी चहा दे.

बिबट्या रेडिओमुळे वळला की कोंडीभाऊंच्या कुत्र्यामुळे, की त्याला धरणाकडेच जायचं होतं, हे मी सांगू शकत नाही. माझं काम रेडिओ वाजवण्याचं, आणि तो वाजला.

पार्ट जळलाय हे मीटर सांगतो. का जळला हे माणूस सांगतो, आणि तो माणूस बहुतेक वेळा दुकानात आलेला नसतो. वस्तू घेऊन येणारा एक असतो, रोज हाताळणारा दुसरा. त्या दुसऱ्याला फोन लावल्याशिवाय झाकणाचा शेवटचा स्क्रू पिळू नये.