कुरणावरची शरणागती

दंतवैद्याच्या हातात तपकिरी रंगाचा डबा होता. समोर रांगेत सहा जर्मन. बेकरीवाला, पोस्टातला कारकून, विम्याचा एजंट, असले. प्रत्येकाच्या गालाला तो रंग फासत होता. माझ्यापाशी आला. अंगठा माझ्या गालावर घासला, उजेडात धरून पाहिला, आणि पुढे सरकला.

"याला नको," तो म्हणाला. "याचा आतूनच आलाय."

सगळे हसले. माझ्या शेजारी जोगळेकर उभा होता, पुण्याचा. तोही हसला. वर मला मराठीत म्हणाला, "अरे, स्तुती करतोय तुझी."

मला जर्मन कळत होतं. तरी मीही हसलो. त्या हसण्याची लाज मला अजून वाटते.

पन्नासचं दशक संपत आलं होतं. जर्मनीत ब्योब्लिंगेनजवळच्या एका यंत्रांच्या कारखान्यात मी शिकाऊ इंजिनिअर होतो, शिष्यवृत्तीवर गेलेला. मूळचा दापोलीकडचा. जातीने महार. बाने दीक्षा घेतली होती, आम्ही बौद्ध झालो होतो. पण पहिल्या भेटीत जोगळेकरने माझं आडनाव दोनदा विचारलं, मग गाव विचारलं, आणि त्याला हवं ते त्याला कळलं. कारखान्यात तो मला दोन वर्षांनी सीनिअर.

मी कामगारांच्या लाकडी बराकीत राहायचो. भिंतींना ओल. खोली मागायला गेलो की दार उघडायचं, मला बघायचं आणि बंद व्हायचं. हिवाळा तोंडावर आलेला. तेव्हा जोगळेकरने तोड काढली. या दंतवैद्याच्या घरात माडीवर एक खोली रिकामी होती. आणि हा दंतवैद्य एका क्लबाचा अध्यक्ष होता. क्लबातले लोक रविवारी चामड्याचे कपडे घालून तंबूत बसत आणि रेड इंडियन होत. वर्षातून एकदा कुरणावर जाहीर खेळ करत. त्या वर्षीचा विषय, अपाची जमातीची शेवटची शरणागती.

"त्यांना खरा माणूस हवाय," जोगळेकर म्हणाला. "इंडर म्हणजे आपण, इंडियानर म्हणजे ते रेड इंडियन, त्यांना तेवढं चालतं. एक दुपार उभा राहा. खोली तुझी."

माझं काम सोपं होतं. बंदूक घेऊन यायचं. अमेरिकन जनरलच्या पायाशी ठेवायची. गुडघे टेकायचे. म्हणायचं, "माझं मन आता शांत आहे." जनरल अर्थात दंतवैद्य.

मला वाटलं, करायचंच तर नीट करावं. गावात छोटं वाचनालय होतं. तिथल्या वयस्क ग्रंथपाल बाईने मला अपाचींवरचं एक जाड पुस्तक काढून दिलं. तीन संध्याकाळी शब्दकोश मांडीवर घेऊन वाचलं.

त्यात गुडघे नव्हते.

शेवटी उरलेली मूठभर माणसं. बायका, पोरं धरून. मागे हजारो सैनिक. डोंगरातून डोंगरात पळत, लढत ती टिकली. शेवटी त्यांचा म्होरक्या बोलणी करायला आला. उभ्याने बोलला. त्याला शब्द दिला गेला, काही दिवसांत तुझी बायकापोरं तुला भेटतील, पुढे तुमच्या मुलखात परत जाल. मग सगळ्यांना आगगाडीत घातलं. दूर समुद्रकाठच्या किल्ल्यांत नेऊन टाकलं. पुरुष एकीकडे, बायकापोरं दुसरीकडे. पोरांना लांबच्या शाळेत धाडलं, केस कापले, कितीतरी तिथेच खोकून मेली. मुलूख त्या म्होरक्याला पुन्हा दिसला नाही. म्हातारपणी त्याला जत्रांमध्ये उभा करत. लोक बघायला येत.

आणि एक पान मी परत परत वाचलं. अपाचींचा माग काढायला सैन्याने अपाचीच ठेवले होते. सैन्याचा कोट घातलेले. त्यांनीच निरोप पोचवला, त्यांच्यामुळेच लढाई मिटली. काम झाल्यावर त्यांनाही त्याच कैद्यांबरोबर गाडीत घातलं.

माझा आजा पलटणीत होता. साहेबासाठी लढला, पदक मिळालं. पुढे साहेबाने आमच्या लोकांची भरतीच बंद केली. आजा गावी आला तो पदकासकट गावकुसाबाहेर. बा हे सांगायचा तेव्हा आवाज चढवायचा नाही. मी पोर होतो, मला ती जुनी गोष्ट वाटायची. त्या वाचनालयात ती माझी झाली.

पुढच्या तालमीला मी दंतवैद्याला म्हणालो, "त्याने गुडघे टेकले नव्हते. तसं पुस्तकात नाही."

तो हसला. दात चांगले होते. "हे बघा, तरुण मित्रा. मी वीस वर्षं या लोकांचा अभ्यास करतोय. आम्हाला त्यांच्याबद्दल फार आदर आहे."

फार आदर. अपाची डोक्याला कापडाची पट्टी बांधायचे. वीस वर्षांच्या अभ्यासकाने माझ्यासाठी भलत्याच जमातीचा पिसांचा टोप आणला होता.

मी विचारलं, "मग आगगाडीचा प्रसंग का नाही?"

बेकरीवाल्याने मान खाली घातली. पोस्टातला कारकून बुटाची नाडी बांधायला वाकला. मला आधी कळलं नाही. मग कळलं. या गावातूनही ज्यू माणसं आगगाडीत घातली गेली होती, अजून वीस वर्षंही झाली नव्हती. तेव्हा हे सगळे इथेच होते, याच दुकानांत, याच कचेऱ्यांत. त्या शेजाऱ्यांसाठी यांचे डोळे कधी ओले झाले नाहीत. समुद्रापलीकडच्या अपाचींसाठी मात्र दर रविवारी व्हायचे.

"आगगाडी नको," दंतवैद्य म्हणाला. "सणाचा दिवस आहे. तुम्ही गुडघे टेका."

बाहेर आल्यावर जोगळेकर चिडला होता. "नाटक आहे रे. गुडघे टेकायला तुला काय जड आहे? तुमच्याकडे तर..."

"आमच्याकडे काय?"

तो सायकलची घंटी उगाच पुसत राहिला.

रविवारी दुपारी कुरण भरलं. बिअर, सॉसेज, बँड. मी बंदूक घेऊन गेलो. दंतवैद्य निळ्या कोटात, पोट आत ओढून उभा. मी डोक्यावरचा टोप काढला, गवतावर ठेवला. बंदूक हातातच ठेवली. उभ्याने म्हणालो, "तुम्ही शब्द दिला होता. आमची बायकापोरं कुठे आहेत?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, खेळच आहे.

मी टाळ्या थांबू दिल्या. मग त्यांच्याकडे तोंड केलं आणि सावकाश, व्याकरण सांभाळून विचारलं, "आगगाडीत घालून त्यांना कुठे नेलंत?"

या वेळी एकही टाळी नाही. पुढच्या बाकावरची एक म्हातारी उठली, टोपली उचलली आणि निघून गेली. दंतवैद्याने बँडकडे हात केला. बँड वाजला. मी बंदूक बेकरीवाल्याच्या हातात दिली आणि चालत बराकीत आलो.

खोली गेली. कारखान्यात माइस्टरने, म्हणजे मुकादमाने, मला यंत्रावरून काढून लोखंडाचा कीस झाडायला लावलं. जोगळेकरने आणखी एक केलं. दंतवैद्याला समजावून सांगितलं की हा आमच्याकडच्या खालच्या जातीतला, याला रीत नाही, मनावर घेऊ नका. त्या जर्मनांना जात माहीत नव्हती. ती या सुशिक्षित माणसाने त्यांना शिकवली.

आठवड्याने तो बराकीत आला. दंतवैद्याच्या नावे टाइप केलेलं माफीपत्र घेऊन. "मी लिहिलंय. तू फक्त सही कर. खोली अजून रिकामी आहे."

मी पत्र वाचलं. त्याच्या जर्मनमध्ये दोन चुका होत्या. पेन काढून त्या दुरुस्त केल्या आणि कागद परत दिला. सही केली नाही.

"थंडीत मरशील," तो म्हणाला.

"मरेन. तू जा."

तो हिवाळा मी बराकीतच काढला. खोकलो. मेलो नाही. वसंतात माझं काम बघून दुसऱ्या विभागाने मला मागून घेतलं. त्यात कुणाचे उपकार नाहीत.

तेव्हापासून माझी जात दुसऱ्या कुणाला सांगू देत नाही. मीच सांगतो, विचारायच्या आधी, नावाच्या पाठोपाठ. आणि मग समोरच्याला विचारतो. जर्मन असो, पुण्याचा असो. आगगाडी भरली तेव्हा, आम्हाला गावकुसाबाहेर ठेवलं तेव्हा, तुमची माणसं कुठे उभी होती? लोक घड्याळ बघतात, विषय बदलतात, नाटक आहे म्हणतात. म्हणोत. उत्तर मिळेपर्यंत मी जागचा हलत नाही.