महानंदाला इंग्रजीत काय म्हणायचं

देगलूरच्या स्टँडवर हैदराबादची गाडी लागली तेव्हा मला निरोप द्यायला अर्धी गल्ली जमली होती. मावशी होती, शेजारचे काका होते, पप्पांच्या शाळेतले मास्तर होते, आणि माझी बॅग कुणालाच उचलू न देणारे पप्पा होते. आई दारातूनच मागं फिरली होती, ते मी समजू शकत होते. पण महानंदा आली नाही, ते काही समजेना. "तू हो म्होरं, म्या आलेच मागून," असं सांगितलं होतं तिनं. पहिलीपासून एका बाकावर बसलेली, माझ्या नर्सिंगच्या निकालादिवशी माझ्याआधी रडलेली महानंदा. कंडक्टरनं घंटी दिली तरी मी खिडकीतून आमच्या गल्लीच्या तोंडाकडेच बघत होते. विमानात लोक आईच्या आठवणीनं रडतात म्हणे. मी रागानं रडले.

इंग्लंडात मला केअर होममध्ये नोकरी लागली. म्हाताऱ्या माणसांची सेवा आणि दिवसभर गप्पा. तिथं कळलं की जिवलग मैत्रिणीसाठी या लोकांकडे शब्दच शब्द आहेत. माझ्याबरोबर काम करणारी ट्रेसी डबा खाताना रोज ज्या मैत्रिणीला फोन करते ती तिची 'बेस्टी'. कधी 'माय पर्सन', कधी 'राइड ऑर डाय', म्हणजे मरेपर्यंत साथ न सोडणारी. हे शेवटचं ऐकलं की मला मोटारसायकलवर हेल्मेट न घालता बसलेल्या दोन बायकाच दिसतात. मार्गारेट नावाच्या आजींकडे त्यांची एक मैत्रीण नखं रंगवून द्यायला येते. आजी मला सांगतात, "शी इज माय रॉक." आमच्याकडे मैत्रिणीला खडक म्हटलं तर ती आठवडाभर बोलायची नाही. पण आजी ते म्हणताना तिचा हात धरतात, आणि ते बघून मला दर वेळी भरून येतं.

मी मात्र महानंदाचं नाव कुणाजवळ काढत नसे. स्टँडवरसुद्धा न आलेलीला बेस्टी कसं म्हणायचं? फोनवर आम्ही बोलायचो. तिची शिलाई, तिच्या सासूचा स्वभाव, माझ्या आईचं दुखणंखुपणं. त्या दिवसाबद्दल मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. पप्पा गेल्यावर ती आपणहून रात्री आईच्या सोबतीला झोपायला येऊ लागली, तरी माझ्या मनातलं ते कुसळ निघालं नव्हतं.

गेल्या वर्षी आई न्हाणीत घसरून पडली. मांडीचं हाड मोडलं. महानंदानं जीप करून तिला नांदेडच्या दवाखान्यात नेलं आणि ऑपरेशन करायचं ठरलं तसा तिथून मला फोन केला. मी ड्यूटीवर होते. ट्रेसीनं मला खुर्चीवर बसवलं आणि विचारलं, आईजवळ कोण आहे? मी म्हटलं, "माय फ्रेंड." एवढ्या ऑपरेशनला नुसती फ्रेंड? असं तिच्या चेहऱ्यावर उमटलं. मलाही तो शब्द तोकडा वाटला, पण दुसरा सुचेना.

नांदेडला पोचले तेव्हा महानंदा आईची वेणी घालत होती. तिच्या घरी कानडी बोलतात, म्हणून ती माझ्या आईला अव्वा, म्हणजे आईच, म्हणते. डॉक्टर आले आणि आईच्या औषधांचं सगळं तिलाच सांगू लागले. मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "ह्या कोण?"

"ही बी लेकच हाय," महानंदा म्हणाली. "बाहेरगावी असती."

दुसऱ्या दिवशी शेजारच्या खाटेवरची बाई बरी होऊन घरी निघाली. तिची पाठ वळते न वळते तोच झाडूवाली मावशी आली. आई पडल्यापडल्या ओरडली, "आगं, थांब की बाई! आत्ताच गेली ती." माणूस प्रवासाला निघालं की ते पोचेपर्यंत घर झाडायचं नाही, हे आईनं जन्मभर पाळलं. पप्पा चिडायचे. घरात बाबासाहेबांची पुस्तकं आणि वर ही अंधश्रद्धा! "झाडूला काय कळतंय?" असं ते दर वेळी म्हणायचे.

महानंदा हसायला लागली. "अव्वा, ह्यो दवाखाना हाय." आई हसली नाही. माझ्याकडे बघत म्हणाली, "तू गेलीस त्या दिशी म्याच झाडू घितला होता गं. तू उंबऱ्याभाईर पडलीस आन् काय करावं सुधरंना. हात रिकामे राहीनात. लागले झाडाया. ही स्टँडला निघाली होती, दारातून बघितलं आन् झाडूच हिसकून घितला. म्या परत मागितला तर मांडीवर घिऊन बसली. तुझा हैदराबादहून फोन येईस्तोवर उठली न्हाई."

"मग मला सांगायचं नाही?" मी महानंदाला म्हटलं. माझा आवाज चढला होता.

"काय सांगू? पोरगी जाताच मायनं घर झाडलं, आसं? तिकडं एकटी आसताना जरा डोकं दुखलं तरी तुला त्येच आठवलं आसतं. तू रागावून राहिलीस ते कळत होतं मला. माझ्यावरचा राग काय, आज ना उद्या उतरतो."

मी तिच्या गळ्यात पडले. आई म्हणाली, "सलाइनला धक्का लावू नका."

देगलूरला घरी आल्यावर आई वॉकर धरून चालू लागली तशी माझी रजा संपत आली. नोकरी सोडून इथंच राहावं, असं माझ्या मनानं घेतलं होतं. आईला मी तसं बोलून दाखवलं. ती म्हणाली, "तिथल्या म्हाताऱ्यांचं कोण करायचं मग? जा. माझ्यापाशी हाय की ही." निघताना दोघी दारात उभ्या राहिल्या. स्टँडवर महानंदा या वेळीही आली नाही. मी खिडकीतून तिला शोधलंही नाही.

इंग्लंडातल्या माझ्या खोलीचं कुलूप उघडलं आणि कोट न काढताच फोन लावला.

"पोचलीस? दाराच्या आत हायस का भाईर?"

"आत."

"बरं. थांब." तिनं फोन फळीवर ठेवला असावा. मागून आई काहीतरी म्हणाली. मग फरशीवरून झाडू फिरल्याचा आवाज येऊ लागला, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, निवांत. तिथं दोन दिवसांची धूळ साचली असणार.

ट्रेसीला मी सगळं सांगितलंय. महानंदाला इंग्रजीत काय म्हणायचं ते तिलाही अजून सापडलेलं नाही. पण घर कुठलं असं कुणी विचारलं, तर मी आता अडखळत नाही. मी सुखरूप पोचेपर्यंत जिथं झाडू हलत नाही, ते माझं घर.