अपशकुनी ड्रायव्हर

मी तिसरीत शाळा सोडली, पण तीस-चाळीस वर्षं तांडेल म्हणून मासेमारीची लाँच चालवली. लाँचवर कोण चढेल ते तांडेल ठरवतो. त्यात मी कधी कोणाचं ऐकलं नाही.

दोन सालांमागे हंगामाच्या तोंडावर आमचा इंजिनाचा ड्रायव्हर मुलाकडे मुंबईला निघून गेला. जयगडच्या धक्क्यावर एकच चांगला ड्रायव्हर रिकामा होता. नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं सांगायचा. पण जखम चिघळून त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली कापलेला, नकली पायावर चालायचा. तीन लाँचवाल्यांनी त्याला तोंडावर नकार दिला होता. आमचा मालकही म्हणाला, "डेकवर घसरला तर?" मी केबिनपासून इंजिनाच्या झाकणापर्यंत कमरेएवढ्या उंचीवर दोर ताणला, शिडीच्या पायऱ्यांवर जुन्या टायरचे तुकडे ठोकले. मालकाचं तोंड बंद झालं.

खलाशांचं झालं नाही. आमच्यात पहिल्या फेरीला निघताना अधू माणूस आडवा आला तरी लोक मागे फिरतात. इथे तर तो लाँचवरच.

सगळ्यात जुना खलाशी म्हणाला, "तांडेल, सात जीव आहेत लाँचवर."

"आठ," मी म्हटलं. "त्याला नाय जीव?"

निघताना नाळेवर, लाँचच्या पुढच्या टोकाला, नारळ फोडला, तो नासका निघाला.

"बघा!" जुना म्हणाला.

"नासका निघाला म्हणजे देवाला पावला, मेल्या. माझी आय सांगायची."

कोणी हसलं नाही. सगळे त्या पायाकडे बघत होते. ड्रायव्हर मान खाली घालून फडक्याने हात पुसत राहिला. हात कोरडेच होते.

दोन दिवस काही झालं नाही. तेच वाईट होतं. वारा पडलेला, पाणी तेलासारखं जड, जाळ्यात मासळी नाही. मी जवळ गेलो की खलाशी बोलायचे थांबत. एकाने इंजिनाजवळ जेवायचं सोडलं. काहीतरी होण्याची ते वाट बघत होते. झालं की ड्रायव्हरला धक्क्यावर उतरवणार, हे मला दिसत होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी जाळं ओढताना, जे व्हायचं होतं ते माझ्यावरच आलं. विंचच्या वायरीत डावी करंगळी सापडली. चूक माझी, लक्ष खलाशांच्या तोंडांकडे होतं. मी ओरडलो नाही. चिंधी गुंडाळून वर रबरी हातमोजा चढवला आणि सुकाणू धरलं. खलाशी जाळ्यात गुंतले होते, पण ड्रायव्हरने झाकणातून पाहिलं होतं.

दोर धरत तो केबिनमध्ये आला. "काका, लाँच फिरवा. मोज्यातून रक्त गळतंय."

"गप. कळलं तर तुझ्यावर घालतील."

"घालूदेत. माझा पाय असाच गेला, उद्या बघू, उद्या बघू करत."

मी नाही म्हटलं. तेव्हा तो बाहेर जाऊन ओरडला, "जाळं वर घ्या! तांडेलांचा हात सापडलाय, बंदर गाठायचंय!"

मला त्याचा फार राग आला. मिळालेलं काम त्याने आपल्या तोंडाने घालवलं होतं. जुना खलाशी एकदा माझ्या हाताकडे बघायचा, एकदा त्या पायाकडे.

डॉक्टरने करंगळी काढली. पाचव्या दिवशी धक्क्यावर गेलो, तो ड्रायव्हरची पेटी बाहेर टाकलेली असणार असं धरूनच. पण तो इंजिनात तेल घालत होता.

"ठेवलात त्याला?" मी जुन्याला विचारलं.

"ठेवला. अपशकुन व्हायचा तो होऊन गेला. आता नवा माणूस आणून नव्याने कोणाचं बोट घालवायचं?"

सगळे हसले. त्यांच्या लेखी माझ्या करंगळीवर ड्रायव्हर सुटला होता. दुसऱ्या कोणाला काही झालं की पुन्हा त्याच्यावरच येणार. त्यालाही ते ठाऊक आहे. विंच सुरू झाली की तो झाकणातून डोकं वर काढतो आणि जाळं आत येईपर्यंत एकेकाचे हात बघत राहतो. सुकाणूवरून मीही बघतो.